विहिरींना जोडणारा रस्ता

रस्ता कोणाचा? जो बांधतो त्याचा, जो वापरतो त्याचा, की ज्या गावातून तो जातो त्या गावाचा? आपल्याकडे महामार्ग गावाबाहेरून वळवला की स्टँडसमोरच्या चहावाल्याला हा प्रश्न सगळ्यात आधी पडतो. आज मी ज्या गावाबद्दल बोलणार आहे, त्याला तो गेली पाचशे-सहाशे वर्षं पडत आला आहे. त्याचं नाव अगादेझ. पश्चिम आफ्रिकेत नायजर नावाचा देश आहे, त्या देशाच्या उत्तर भागातलं हे जिल्ह्याचं गाव म्हणा ना. पण जिल्हा केवढा? महाराष्ट्राच्या दुप्पट. आणि २०१२ च्या जनगणनेत या सगळ्या मुलखाची लोकसंख्या पाच लाखही भरली नव्हती. गावात त्यातले सुमारे एक लाख दहा हजार. बाकी सारं सहाराचं वाळवंट.

नकाशा हाताशी नसेल तर असं करू. उत्तरेला भूमध्य समुद्राच्या काठी अल्जीयर्स आहे आणि दक्षिणेला नायजेरियाचं लागोस बंदर. या दोन शहरांना जोडणारा सुमारे साडेचार हजार किलोमीटरचा महामार्ग १९६० च्या दशकात आखला गेला. ट्रान्स-सहारा महामार्ग असं त्याचं नाव. आफ्रिकेतले देश नुकते स्वतंत्र होत होते आणि वाळवंटाने तोडलेले दोन काठ डांबराने जोडायचे, असं ते स्वप्न होतं. हा रस्ता अल्जीरियातल्या तामनरासेटवरून खाली येतो, सीमा ओलांडतो, अर्लित नावाच्या खाणीच्या गावावरून अगादेझला पोहोचतो आणि तिथून झिंदरमार्गे नायजेरियात उतरतो.

काठ हा शब्द मी मुद्दाम वापरला. सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्याला साहेल म्हणतात. अरबीत साहिल म्हणजे किनारा. उर्दू गझलेच्या वाचकांना हा शब्द परका नाही. वाळवंट हा समुद्र, उंटांचा तांडा हे जहाज आणि अगादेझ हे बंदर. ही उपमा कोणा कवीने रचलेली नाही, ती भूगोलानेच दिली आहे. आणखी एक नातं सांगतो. आपण हिवाळ्यात तूप लावून जी भाकरी खातो, ती बाजरी मूळची याच साहेलच्या पट्ट्यातली. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथल्या माणसांनी ती शेतात आणली आणि मग ती हिंदुस्थानात पोहोचली. अगादेझच्या बाजारात आजही बाजरी हेच मुख्य धान्य आहे.

डांबराच्या आधी रस्ता कसा असायचा? वाळूत रस्ता दिसत नाही. आज पडलेली पावलं उद्याचा वारा पुसतो. तिथे रस्ता म्हणजे एका विहिरीपासून दुसऱ्या विहिरीपर्यंतचं अंतर. उंट किती दिवस पाण्यावाचून चालेल, चामड्याच्या पखालीत किती पाणी राहील, या हिशेबाने विहिरी जोडल्या की झाला रस्ता. या भागातले तुआरेग लोक या विहिरी जाणतात. त्यांच्या भाषेत एक म्हण आहे, दोनच शब्दांची: ‘अमान इमान’. अमान म्हणजे पाणी, इमान म्हणजे जीव. आपल्या इमानाशी या शब्दाचं नातं नाही, पण ऐकताना ते जुळतं खरं.

या रस्त्याचं सगळ्यात जुनं आणि जिवंत वर्णन आपल्याला एका ओळखीच्या माणसाकडून मिळतं. इब्न बतूता. मोरोक्कोचा हा मुसाफिर महंमद तुघलकाच्या दरबारात काझी होता. १३४२ मध्ये तो दिल्लीहून निघाला आणि आपल्या दौलताबादेला येऊन गेला. मराठ्यांच्या मुलखातले कुशल कारागीर, इथल्या लोकांचं भात, भाजी आणि तिळाच्या तेलाचं जेवण, याची नोंद त्याने केली आहे. तोच माणूस अकरा वर्षांनी, १३५३ मध्ये, अगादेझच्या वायव्येला असलेल्या ताकेद्दा या गावी पोहोचला. तिथे तांब्याच्या खाणी होत्या. तो सांगतो की गावाचं पाणी त्या खाणींतून वाहत येतं, म्हणून त्याचा रंग आणि चव बदलते. गुलाम स्त्री-पुरुष तांबं खणायचे, ते गाळून त्याच्या कांड्या ओतायचे. या कांड्या म्हणजे तिथलं चलन. बारीक कांड्यांनी मांस आणि सरपण घ्यायचं आणि जाड कांड्यांनी धान्य, लोणी आणि गुलाम.

किती सहज लिहिलंय पाहा. धान्य आणि गुलाम एकाच यादीत. ताकेद्दाहून परत निघताना तो ज्या मोठ्या तांड्याबरोबर होता, त्यात सुमारे सहाशे गुलाम स्त्रिया होत्या. त्यांच्याबद्दल त्याने एवढा आकडाच दिला, एकीचंही नाव नाही. पुढच्या प्रवासाबद्दल मात्र तो बारकाईने लिहितो. पंधरा दिवसांचा एक टप्पा होता, तिथे वस्ती नव्हती, पण पाणी होतं. मग एक फाटा आला. एक वाट घातवरून मिसरकडे, दुसरी मोरोक्कोच्या बाजूला तुआतकडे. त्या ठिकाणचं पाणी लोखंडावरून वाहतं, त्यात पांढरं कापड धुतलं तर काळं पडतं, असंही तो नोंदवतो. वस्ती नसली तरी पाणी आहे, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे आपल्याला ती लागणार आहे.

इब्न बतूताच्या नंतर, पंधराव्या शतकात ताकेद्दा मागे पडलं आणि अगादेझ पुढे आलं. ऐरच्या डोंगराजवळ पाणी होतं आणि उत्तरेकडच्या, पूर्वेकडच्या, दक्षिणेकडच्या वाटा इथे एकत्र येत होत्या. तुआरेगांच्या टोळ्यांमध्ये आपसात पटत नव्हतं. आपल्यातला कोणी मोठा झालेला चालत नाही, म्हणून त्यांनी बाहेरून सुलतान आणला अशी कथा आहे. लोक तर सांगतात की तो थेट इस्तंबूलहून आणला. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा टिकणं अवघड, पण तिचा मथितार्थ पटतो: हे गाव कोणा एकाचं नव्हतं, म्हणून सगळ्यांना तिथे येता येत होतं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिमेच्या सोंघाई साम्राज्याने अगादेझ ताब्यात घेतलं. त्याच काळात इथली मोठी मशीद उभी राहिली, तिचं साल १५१५ असं सांगतात. तिचा मिनार सत्तावीस मीटर उंच आहे आणि तो सगळा मातीचा आहे. त्याच्या अंगातून लाकडी वासे बाहेर डोकावतात. गवंडी त्यांवर पाय ठेवून चढतात आणि झिजलेल्या भिंतींना पुन्हा माती लिंपतात. १८४४ मध्ये हा मिनार नव्याने बांधावा लागला. २०१३ मध्ये युनेस्कोने हे जुनं गाव जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं.

हसन अल-वज्जान हा मूळचा ग्रॅनडाचा लेखक, युरोप त्याला लिओ आफ्रिकानस म्हणून ओळखतो. त्याने सोळाव्या शतकात अगादेझबद्दल लिहिताना एक मार्मिक गोष्ट टिपली: इथले बहुतेक नागरिक परदेशी व्यापारी आहेत. जे थोडे स्थानिक आहेत ते कारागीर किंवा सुलतानाचे शिपाई. पुढे १५९१ मध्ये मोरोक्कोच्या फौजेने सोंघाई साम्राज्य मोडलं, व्यापाराच्या वाटा हलल्या आणि अगादेझ ओसरू लागलं. १८५० च्या ऑक्टोबरमध्ये हाइनरिश बार्थ हा जर्मन प्रवासी इथे आला, तेव्हा त्याला पडक्या घरांच्या रांगा दिसल्या. एके काळी इथे पन्नास हजार लोक राहत असावेत, आता सात हजार उरले, असा त्याने अंदाज केला. पण त्याला आणखी एक गोष्ट आढळली. या तुआरेग मुलखात गावातले लोक सोंघाईची एक बोली बोलत होते, दूर पश्चिमेच्या टिंबक्टूच्या भाषेची बहीण. व्यापारी गेले, साम्राज्य गेलं, त्यांची भाषा अडीचशे वर्षं मागे राहिली. रस्ता गावाला काय देतो याचा यापेक्षा चांगला पुरावा मला सापडत नाही.

एक व्यापार मात्र थांबला नव्हता. मिठाचा. अगादेझच्या पूर्वेला तेनेरे नावाचं वाळवंट आहे आणि त्याच्या पलीकडे बिल्मा. तिथे खाऱ्या पाण्याच्या खड्ड्यांतून मीठ काढतात आणि त्याच्या ढेपा पाडतात. तुआरेगांचे तांडे बाजरी घेऊन जायचे, मीठ आणि खजूर घेऊन यायचे. १९०६ च्या तांड्यात सुमारे वीस हजार उंट होते, अशी नोंद आहे. तोवर फ्रेंच आले होते. त्यांना वाळवंटात चौक्या आणि फौजा पोसायला उंट हवे होते, ते त्यांनी लोकांकडून सक्तीने घेतले. ज्याच्या उंटावर संसार चालतो, त्याचा उंट नेला तर काय उरतं? असंतोष साठत गेला. डिसेंबर १९१६ मध्ये काओसेन या तुआरेग पुढाऱ्याने अगादेझच्या फ्रेंच छावणीला वेढा दिला. तो मार्च १९१७ मध्ये फुटला. त्यानंतर फ्रेंचांनी अगादेझ आणि शेजारच्या इन-गालमधल्या अनेक धार्मिक विद्वानांना ठार मारलं. ज्यांचा बंडाशी संबंध नव्हता, असे लोकही त्यात होते.

आता डांबराकडे येऊ. १९६० मध्ये नायजर स्वतंत्र झाला. अगादेझच्या उत्तरेला युरेनियम सापडलं होतं. १९६८ मध्ये फ्रेंच भागीदारीतली ‘सोमाइर’ ही कंपनी स्थापन झाली, १९७१ पासून उत्पादन सुरू झालं, ओसाड जागी अर्लित हे गाव वसलं. पुढे ‘कोमिनाक’ ही दुसरी कंपनी आली. दक्षिणेकडच्या ताहुआपासून अगादेझमार्गे अर्लितपर्यंत सुमारे साडेसहाशे किलोमीटरचा पक्का रस्ता १९८० च्या सुमारास तयार झाला. लोक त्याला सरळ युरेनियमचा रस्ता म्हणतात. पिंपांमध्ये भरलेला पिवळा माल ट्रकमधून या रस्त्याने दक्षिणेला, शेजारच्या बेनिन देशाच्या बंदराकडे जायचा आणि तिथून जहाजाने फ्रान्सला. तिकडे त्याच्यावर दिवे लागायचे. इकडे, ज्या गावांच्या दारावरून ट्रक जात, त्यांतल्या कित्येक घरांत दिवा नव्हता. कोमिनाकची खाण मार्च २०२१ मध्ये बंद झाली. मागे सुमारे दोन कोटी टन किरणोत्सारी कचऱ्याचे ढीग उरले. जून २०२५ मध्ये नायजरच्या लष्करी सरकारने सोमाइरचं राष्ट्रीयीकरण केलं. मालक बदलला, पण माल कुठे जाणार आणि गावाला काय मिळणार, हा प्रश्न तसाच आहे.

ट्रकचं युग आल्यावर काय झालं, हे सांगायला मला एका झाडाची गोष्ट पुरेशी वाटते. तेनेरेच्या वाळवंटात, मिठाच्या तांड्यांच्या वाटेवर, बाभळीच्या जातीचं एकच झाड उभं होतं. आसपास शेकडो किलोमीटरपर्यंत दुसरं झाड नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या शेजारी विहीर खणली, तेव्हा कळलं की त्याची मुळं तीस मीटरहून खोल पाण्यापर्यंत पोहोचली आहेत. उंटवाले त्या झाडाची फांदी मोडत नसत, पाला उंटाला चारत नसत. ते झाड म्हणजे त्यांच्या रस्त्यावरचा दिवा होता. १९७३ मध्ये एका ट्रकने ते पाडलं. चहूबाजूंना मोकळं वाळवंट, आणि ट्रक धडकला तो त्या एकाच झाडाला! त्याचा वाळका बुंधा आज नायजरची राजधानी नियामे इथल्या संग्रहालयात आहे. वाळवंटात त्याच्या जागी लोखंडी झाड उभं केलं आहे.

ज्या वर्षी ते झाड पडलं, त्या वर्षी साहेलमध्ये भयंकर दुष्काळ होता. १९८३-८४ मध्ये पुन्हा तसाच. जनावरं मेली, तुआरेग तरुण कामासाठी अल्जीरियात आणि लिबियात गेले. फ्रेंच भाषेत बेकाराला शोमर म्हणतात. त्यावरून या पोरांना नाव पडलं ‘इशुमार’. म्हणजे पाहा, ज्यांचे आजोबा वीस हजार उंटांच्या तांड्यात होते, त्यांना ओळखायला आता परक्या भाषेतला बेकार हा शब्द. १९९० च्या दशकात आणि पुन्हा २००७ ते २००९ या काळात तुआरेगांची बंडं झाली. युरेनियमच्या पैशात आमचा वाटा किती, ही त्यांची एक मोठी तक्रार होती. पर्यटक यायचे बंद झाले. गाडी चालवणारे, वाळवंटाच्या वाटा माहीत असणारे तरुण रिकामे बसले.

मग गावाला एकच धंदा उरला, तोच सगळ्यात जुना: जाणाऱ्या-येणाऱ्याला पलीकडे पोहोचवायचं. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांमध्ये १९७९ पासून एक करार होता, त्यानुसार एका देशाचा नागरिक दुसऱ्या देशात व्हिसाशिवाय जाऊ शकत असे. घाना, सेनेगल, नायजेरिया, गाम्बिया इथली मुलं एसटीसारख्या बसने रीतसर अगादेझला यायची. कोणी लिबियात मजुरीला, कोणी तिथून पुढे युरोपला जायचं म्हणून. अगादेझमध्ये त्यांच्यासाठी उतरायच्या जागा होत्या. बाजारात उन्हापासून बचावाचे फडके, गॉगल, आणि पाण्याचे प्लॅस्टिकचे कॅन मिळायचे. कॅनला ओलं गोणपाट शिवायचं, म्हणजे पाणी थंड राहतं, आणि वर आपलं नाव लिहायचं. एका पिकअप गाडीत पंचवीस-तीस माणसं. कडेला बसलेल्यांनी पाय बाहेर सोडायचे आणि गाडीत खोचलेल्या काठीला धरून राहायचं. आठवड्यातून एकदा लष्कराच्या गाड्या पूर्वेला निघायच्या, त्यांच्या मागोमाग या गाड्यांची रांग. सगळं उघड, दिवसाढवळ्या. चालकाला कमाई, बाजाराला कमाई, नाक्यावरच्या पोलिसालाही कमाई.

हे सगळं सुखाचं होतं असं मी म्हणत नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये अर्लितच्या उत्तरेला, अल्जीरियाच्या सीमेजवळ वाळवंटात ९२ मृतदेह सापडले. त्यात ५२ मुलं होती आणि ३३ बायका. गाडी बंद पडली आणि तहानेने ही माणसं गेली. सारा देश हादरला. मे २०१५ मध्ये नायजरच्या संसदेने कायदा केला: परदेशी माणसांना बेकायदा सीमेपार नेणं हा गुन्हा, त्याला मोठी कैद. त्यामागे २०१३ चं दुःख होतं, आणि युरोपचा आग्रह आणि युरोपचा पैसाही होता. २०१६ मध्ये नायजरमधून उत्तरेकडे गेलेल्यांची संख्या तीन लाखांहून अधिक मोजली गेली होती. त्याच वर्षी कायद्याची कडक अंमलबजावणी सुरू झाली. चालक तुरुंगात गेले, गाड्या जप्त होऊन छावणीत गंजत पडल्या. धंदा सोडणाऱ्यांना मदत मिळणार होती, ती मोजक्यांनाच मिळाली.

एक गोष्ट नीट समजून घ्या. बसमधून अगादेझला उतरणारा माणूस कायदेशीर प्रवासी होता. अगादेझच्या पुढे, त्याच देशात, सीमा अजून शेकडो किलोमीटर दूर असताना, तोच माणूस गुन्ह्यातला मुद्देमाल झाला. युरोपची सीमा समुद्रावरून उचलून या गावाच्या वेशीवर आणून ठेवली, असंच म्हणायचं.

रस्ता बंद झाला, पण माणसं थांबली नाहीत. संख्या घटली हे खरं. जे निघाले, ते मात्र मुख्य वाट सोडून निघाले. पोलीस कुठे असतात? विहिरीवर. लष्कराची चौकी कुठे असते? विहिरीवर. म्हणून चालक विहिरी टाळू लागले. रात्री दिवे बंद करून, अनोळखी वाळूतून गाड्या हाकू लागले. लष्कराची गाडी दिसली की माणसांना उतरवून पळून जाऊ लागले. मे २०१७ च्या अखेरीस अगादेझ आणि दिर्कू यांच्या दरम्यान एक गाडी बंद पडली आणि ४४ माणसं तहानेने मेली. त्यात तान्ही मुलं होती. मोजके लोक चालत वस्तीपर्यंत पोहोचले, म्हणून ही बातमी तरी कळली. ज्यांच्यातलं कोणीच परतलं नाही, त्यांची बातमी वाळूखाली आहे.

साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या त्या तांड्यात सहाशे स्त्रिया बांधून नेल्या जात होत्या. तो रस्ता पवित्र होता असं म्हणण्याची माझी हिंमत नाही. पण तोही रस्ता विहिरीवरून विहिरीवर जात होता. माणसाला माल समजणाऱ्यानेही मालाला पाणी पाजलं. आमच्या काळातल्या कायद्याने माणसांच्या रक्षणाचं नाव घेतलं आणि माणसांना पाण्यापासून तोडलं. हेतू वाईट असेलच असं नाही. पण वाळवंटात कायदा करणाऱ्याने आधी विहिरींचा नकाशा पाहायला हवा होता.

जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हा कायदा रद्द केला. अगादेझमध्ये लोकांनी आनंद केला. तुरुंगातले चालक सुटले, गाड्या पुन्हा उघडपणे निघू लागल्या. अमेरिकेने गावाजवळ कोट्यवधी डॉलर खर्चून ड्रोनचा तळ बांधला होता, तोही ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी सोडला. पण उत्तरेकडून उलटा लोंढा येतोच आहे. अल्जीरियाने २०२४ या एका वर्षात एकतीस हजारांहून अधिक लोकांना पकडून सीमेवर आणून सोडलं. त्यांना वाळवंटात उतरवतात आणि असामाका या नायजरच्या पहिल्या गावाच्या दिशेने बोट दाखवतात. अंतर पंधरा किलोमीटर. चालत जायचं. तिथून पुन्हा अर्लित, पुन्हा अगादेझ. जानेवारी २०२५ मध्ये नायजर पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेतूनही बाहेर पडला.

सुरुवातीचा प्रश्न मी विसरलेलो नाही. रस्ता कोणाचा? अगादेझवरून तांबं गेलं, गुलाम गेले, मीठ गेलं, युरेनियम गेलं, बेकार तरुण गेले. नेणारे प्रत्येक वेळी वेगळे होते आणि रस्ता आमचा असं प्रत्येकाने म्हटलं. मला वाटतं, रस्ता त्याचा मानावा, ज्याला त्याच्यावर तहान लागते. ट्रान्स-सहारा महामार्गाचं डांबर एक दिवस पुरं होईल. त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड लागतील. पुढची विहीर किती दूर आहे, तेही त्या दगडांवर लिहिलं पाहिजे.